भेगेतला चेंडू

माझ्या धाकट्या जावेला गोल्फ मीच शिकवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे दीड-दोन वर्षं तीच हे सगळ्यांना सांगत असे आणि दर वेळी ते मला ऐकवत नसे. "ताईनं शिकवलं मले," ती म्हणायची, अगदी मनापासून. तिनं ते वरवर म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी दातांची डॉक्टर. माहेर अकोल्याचं, वडील तिथे शाळेत शिक्षक. लग्न होऊन अमरावतीला आले आणि इथेच दवाखाना टाकला. बावीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून काम केल्यावर मान आणि कंबर दोघींनी एकाच वर्षी तक्रार सुरू केली. फिरायला जा, असं जो तो सांगत होता. त्याच सुमारास एक निवृत्त सुभेदार कवळी बसवून घ्यायला माझ्याकडे येत होते. ते म्हणाले, नुसतं फिरून कंटाळाल मॅडम, आमच्या मैदानावर या, हातात काठी घेऊन फिरा.

ते मैदान गावाबाहेर, टेकड्यांच्या बाजूला आहे. कुण्या काळच्या साहेबलोकांनी आखलेले नऊ होल, आणि ते कसेबसे जिवंत ठेवणारी वीस-पंचवीस माणसं. टीव्हीवर दिसतं तसं हिरवंगार तिथे काही नाही. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी धरते की चार पावलांत पाय दुप्पट जड होतो, म्हणून तेव्हा खेळ बंद. हिवाळ्यात वाळकं गवत. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. होलच्या भोवती हिरवळीऐवजी जळक्या तेलात कालवून दाबलेल्या वाळूचा गोल असतो, त्याला सगळे ब्राऊन म्हणतात. ब्राऊनवर पावलं उमटतात, म्हणून जवळचा फटका मारण्याआधी लाकडी पाटा ओढून चेंडूचा रस्ता सपाट करून घ्यायचा. सकाळी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप मैदान ओलांडत असला की तो जाईपर्यंत थांबायचं.

मला ते सगळं आवडलं. दवाखान्याआधीचे दीड तास माझे झाले. चार वर्षं मी नियमानं गेले, सुभेदारकाकांनी सांगितलं तसं शिकले, आणि एकटी असले की बरी खेळत होते. अडचण स्पर्धेची होती. मैदानाची वर्षाची एक स्पर्धा असते, मार्चमध्ये, त्यात बायकांचा एक कप; नऊ होलांत मिळून जिचे फटके सगळ्यात कमी, ती जिंकली. आम्ही सहा-सात बायका. त्यातल्या कुणाला काही फार येत होतं असं नाही. पण फटके लिहायचं कार्ड हातात आलं, बाजूला कुणीतरी आकडा लिहायला उभं राहिलं, की माझे हात थरथरायचे. लांबचे फटके निभावून जात. ब्राऊनवर तीन फुटांवर होल असलं की संपलं. मनगटापासून पुढचा हात माझा राहायचा नाही. पटर, म्हणजे जवळच्या फटक्याची स्टिक, चेंडूपर्यंत पोचेतो तिला एक झटका बसायचा आणि चेंडू होलच्या कडेनं निघून जायचा. ज्या हातानं मी सकाळ-संध्याकाळ केसाएवढी बारीक सुई दाताच्या मुळात उतरवते, तो हात. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. वाईट खेळले एवढंच सांगायची.

जाऊ मैदानावर आली ती सासूबाईंच्या सांगण्यावरून. तिचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला होता, दीर दिवसभर त्यांच्या खता-बियाण्याच्या दुकानात, आणि ती घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत करायची. तिलाही ने तुझ्यासोबत, सासूबाई म्हणाल्या. ती मोर्शीची, संत्र्याच्या बागाइतदारांच्या घरातली, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, बारावीपर्यंत शिकलेली. आमचं जमायचं. मी तिला नेलं ते खरं म्हणजे कौतुकानं नेलं. माझं जग तिला दाखवावं, असं काहीसं मनात होतं.

पहिल्या दिवशी ती सलवार-कमीजवर मुलाचे जुने बूट घालून आली. अर्धा तास माझ्याकडे बघत उभी राहिली. मग मी तिच्या हातात स्टिक दिली, पकड दाखवली. पहिला फटका हवेत गेला. दुसरा जमिनीत. तिसऱ्याला असा आवाज झाला की पलीकडे पाटा ओढत असलेले सुभेदारकाका मान वर करून बघायला लागले. चेंडू कुठे पडला ते मला दिसलंच नाही, मी फार जवळ बघत होते. ती मात्र हात डोळ्यांवर धरून त्याच्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "ताई, हे तं सोपं आहे."

तिच्या हाताला असं काय होतं, याची कारणं लोकांनी नंतर पुष्कळ शोधली. सुभेदारकाका म्हणायचे, लहानपणी भावांसोबत गिल्ली-दांडू खेळली असेल. माझा नवरा म्हणायचा, तिचे हातच लांब आहेत. माझं कारण वेगळं होतं. तिला दिवसभर काम काय आहे, असं मी मनात म्हणायची. मलाही दवाखाना नसता तर. हे खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं, कारण ती माझ्याएवढाच वेळ खेळायची, माझ्याच गाडीत येऊन माझ्याच गाडीत परत जायची.

चार वर्षांत सुभेदारकाकांनी माझ्या फटक्याला "ठीक" याच्या वर शब्द वापरला नव्हता. मिलिटरीतला माणूस, तसंच बोलणार, असं मी धरून चालले होते. तिसऱ्या महिन्यात तिच्या एका फटक्याला ते "वा" म्हणाले. हळूच, स्वतःशीच. मी शेजारी उभी होते. तो एक शब्द मी आठवडाभर दवाखान्यात घेऊन फिरले.

मग मला मोजायची सवय लागली. तिचे किती चेंडू हरवले, किती फटके वाकडे गेले. ती चुकली की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून मी तिच्याशी जास्तच गोड बोलायची. घरी जेवताना सासूबाई विचारायच्या, आज कोण जिंकलं. आम्ही सराव करतो, जिंकत-हरत नाही, असं मी सांगायची. जाऊ पोळी वाढताना म्हणायची, ताई माह्या गुरू आहेत. दीर हसायचे. नवरा माझ्याकडे एक नजर टाकून ताटात बघायचा. वकील माणूस, त्याला न सांगता बरंच कळतं.

पहिल्या वर्षीच्या स्पर्धेत ती खेळली नाही, मुलाच्या परीक्षेमुळे त्याच्याकडे गेली होती. त्या कपात मी तिसरी आले. दुसऱ्या वर्षी ती खेळली, आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा जोडी निघाली तिची आणि माझी. जोडीनं खेळायचं म्हणजे एकमेकींचे आकडे लिहायचे. तिचं कार्ड माझ्याकडे, माझं तिच्याकडे.

पाच होल झाले तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. सहाव्यावर तिचा चेंडू भेगेत गेला. आम्ही दोघी वाकून बघितलं. वीतभर खाली, मातीच्या दोन भिंतींमध्ये तो अडकला होता. हात घालून काढता येत होता, मारता मात्र येणार नव्हता.

आता हे सांगायला हवं की आमच्या मैदानाचा याबद्दल नियम आहे. भेगेत गेलेला चेंडू फुकट उचलायचा, शेजारी ठेवायचा आणि खेळायचा, त्याचा दंड नाही. आमच्याकडच्या जमिनीत दुसरा नियम चालणारच नाही. कार्डाच्या मागे तो इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेलाही आहे. पण सरावात आम्ही कधी काही मोजत नसू. भेगेत गेला की काढून मारायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. स्पर्धेत काय करतात हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

ती मला म्हणाली, "ताई, काढला तं एका फटक्याची पेनल्टी लागंन ना?"

मी एवढंच म्हणायला हवं होतं की नाही लागत. मी तिच्या कार्डाकडे बघितलं. ते माझ्याच हातात होतं, मागची बाजू माझ्या तळव्याला लागलेली. मी म्हणाले, "बघ, तुला योग्य वाटतं तसं कर."

ती म्हणाली की फुकट कशाला घ्याचा, लिहा एक. मी एक लिहिला.

त्याचा मला काही उपयोग झाला असता तर निदान तसं तरी म्हणता आलं असतं. पुढच्या तीन ब्राऊनवर माझा हात इतका हलला की आठव्यावर मी चार फुटांवरून तीन वेळा मारलं. ती दोन फटक्यांनी जिंकली. बक्षीस घेताना तिनं मला पुढे ओढलं आणि फोटोत कप आम्हा दोघींच्या हातात धरला. तो फोटो सासूबाईंनी नातेवाइकांमध्ये पाठवला. त्यात माझं हसू पाहून कुणालाही वाटेल की मीच जिंकलेय.

पहिल्या दोघींनी एप्रिलमध्ये अकोल्याला जायचं असतं. तिथेही आमच्यासारखंच एक मैदान आहे, आणि तिथल्या दोन बायकांशी आमच्या दोन बायकांची दरवर्षी एक लढत होते. दुसरी मीच होते. लढतीत जोडीला चेंडू एकच: एक फटका तिनं मारायचा, पुढचा मी, मग पुन्हा तिनं. प्रत्येक होल वेगळं मोजायचं आणि ज्यांनी जास्त होल जिंकले ते जिंकले. हे कळलं तेव्हा मला धडकी भरली. आजवर माझा हात हलला तर माझंच नुकसान होत होतं. आता तिनं अडीचशे पावलं नेलेला चेंडू मी तीन फुटांवर घालवणार होते, आणि तेही माझ्या माहेरच्या गावात.

मी उपाय केले. श्वास मोजून बघितला. एका डॉक्टर मैत्रिणीला विचारून अर्धी गोळी घेऊन बघितली, तर हात थांबला पण डोळ्यांवर झापड आली आणि चेंडू होलपर्यंत पोचेचना. शेवटी मी सुभेदारकाकांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे हाताचं. भेगेचं नाही.

त्यांनी मला ब्राऊनवर दहा चेंडू मारायला लावले. जाऊ लांब होती, तेव्हा आठ होलमध्ये गेले. मग तिला बोलावून शेजारी उभं केलं, तर तीन गेले. ती निघून गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, हात बराबर आहे तुमचा. तुमी चेंडू पाहूनच नाई राहिल्या. तुमी तिच्याकडं पाहून राहिल्या."

मी तिच्याकडे मान वळवली नव्हती. पण ते म्हणाले ते खरं होतं.

अकोल्याला आम्ही पहाटेच निघालो, उन्हाच्या आत खेळ आटोपावा म्हणून. गाडी मी चालवत होते. मूर्तिजापूरपर्यंत ती डब्यातल्या पोळ्यांपासून मुलाच्या वसतिगृहापर्यंत काय काय बोलत राहिली आणि मग झोपली. लढतीच्या सकाळी गाडीत झोप लागणाऱ्या माणसाबद्दल मला काय वाटलं ते मी लिहीत नाही.

अकोल्याच्या दोघींपैकी एक निवृत्त मुख्याध्यापिका होती, पांढरी टोपी, खणखणीत आवाज. दुसरी तिची मैत्रीण, फारशी न बोलणारी. दोघी वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या. पहिल्या तीन होलांत आम्ही एक जिंकलं, एक हरलो, एक बरोबरीत सुटलं. जे हरलो ते माझ्या हातानं. जावेनं "जाऊ द्या ताई" म्हटलं.

चौथ्या होलवर सुरुवातीचा फटका माझा होता. तो बरा गेला, पण पुढे जाऊन बघितलं तर चेंडू भेगेत. आता मारायची पाळी तिची. तिनं आत वाकून बघितलं आणि त्या दोघींना सांगितलं की आमचा एक फटका वाढला.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "काहून वाढवता? भेगेतला फुकट उचलाचा असते. तुमच्याकडंही तोच नियम आहे, तुमच्या कार्डामागं छापला आहे. मी खेळली आहे ना तिथं."

जाऊ वाकलेलीच होती. तिनं हात घालून चेंडू काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, शेजारी ठेवला. मग माझ्याकडे एकदा बघितलं. फार वेळ नाही. तिनं मारला आणि चेंडू नेमका ब्राऊनवर जाऊन पडला. पुढचा माझा फटका मी कसा मारला ते मला आठवत नाही. ते होल आम्ही हरलो.

पाचव्यावर सुरुवात तिची. तिनं आयुष्यातला सगळ्यात लांब फटका मारला असावा. अकोल्याच्या दोघीही "वा" म्हणाल्या. रागानं तिचा हात आणखीच मोकळा सुटला होता. आम्ही चेंडूच्या दिशेनं चालायला लागलो. त्या दोघी पलीकडून चालल्या होत्या. ऊन चढायला लागलं होतं.

ती समोर बघत म्हणाली, "ताई, तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

मी काहीतरी जुळवायला गेले. त्या वेळी सुचलं नाही, लक्षात नव्हतं, असलं काहीतरी. ते जिभेवर आलंही होतं. पण तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मला ते म्हणवेना. मी म्हणाले, "मला तुझा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटतो."

ती म्हणाली, "बरं." आणि माझ्यापुढे निघून गेली.

बस एवढंच. मी रडेन, ती चिडेल, असलं काही झालं नाही. पाचव्याच्या ब्राऊनवर माझ्या वाट्याला साडेतीन फुटांचा फटका आला. मी पाटा ओढला, चेंडूमागे उभी राहिले, आणि हात हलायची वाट बघितली. तो हलला नाही. तिनं माझ्याबद्दल जे बघू नये असं मला वाटत होतं, ते तिनं बघून घेतलं होतं. आता तिच्या नजरेत माझं आणखी काय जाणार होतं? मी चेंडूवरचा छापील ठिपका बघितला आणि मारला. चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज आला तेव्हाही मी खालीच बघत होते.

ते होल आम्ही जिंकलं आणि लढत बरोबरीत आली. सहाव्यावरही माझा फटका होलमध्ये गेला, आठव्यावर तर सहा फुटांवरून गेला. एकही शब्द न बोलता आम्ही दोघी इतक्या छान खेळत होतो की मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, किती वर्षांची जोडी आहे तुमची. जाऊ म्हणाली, पहिल्यांदाच खेळून राहिलो.

शेवटच्या, नवव्या होलवर दोन्ही बाजू बरोबरीत. त्यांनी पाच फटक्यांत होल पुरं केलं. आमचे दोन झाले होते आणि चेंडू ब्राऊनच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर. आता तिची पाळी, अगदी लहानसा, उचलून टाकायचा फटका. असला फटका ती गप्पा मारता मारता मारायची. ती चेंडूपाशी उभी राहिली आणि मला तिचे हात दिसले. स्टिकचं टोक गवतावर बारीक थरथरत होतं. मी ती थरथर दुसऱ्या कुणाच्या हातात कधी बघितली नव्हती, पण ओळखायला वेळ लागला नाही. तिचा फटका चेंडूच्या माथ्यावर बसला. चेंडू जमिनीलगत सुसाट गेला, ब्राऊन ओलांडून पलीकडच्या काठावर थांबला.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. आमच्याच जोडीचा चेंडू वाया गेला होता, तिचा हात माझ्यामुळे हलला होता, आणि तरी माझ्या आत काहीतरी टुणकन उडालं. नंतर मग लाज वाटली, पण आधी आनंद झाला.

मी पलीकडच्या काठावर गेले. पंधरा-सोळा फूट असेल. पाटा ओढायला बराच वेळ लागला. सगळ्या जणी बघत होत्या. मी ठिपका बघितला आणि मारलं. वाळूवर चेंडूचा आवाज होतो, खसखसल्यासारखा, तो मी शेवटपर्यंत ऐकला. चार फटके. आम्ही जिंकलो.

मुख्याध्यापिकाबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. जावेनंही हात मिळवला, जसा त्या दोघींशी मिळवला तसाच.

परतीच्या वाटेवर ती झोपली नाही. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "मंग कप मी किती फटक्यांनी जिंकली होती?"

"तीन," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. सासूबाईंना नाही, दिरांनाही नाही. त्यांना सांगितलं असतं तर माझ्या नवऱ्याच्या कानावर आलंच असतं. आम्ही जिंकल्याचं मात्र तिनं सगळ्यांना सांगितलं, ताईनं शेवटचा फटका कसा मारला ते हातानं करून दाखवलं. मग उन्हाळाभर ती मोर्शीला माहेरी होती, आणि नंतर पाऊस लागला. त्या सगळ्या महिन्यांत मी वाट बघत होते की कधीतरी ती बोलून मोकळी होईल. ती झाली नाही. मी तिच्या जागी असते तर चार ठिकाणी सांगितलं असतं. न सांगण्याची तिची ती ताकद, तिचाही मला हेवा वाटला.

ऑक्टोबरात मैदान पुन्हा सुरू झालं तेव्हा ती आली, माझ्याच गाडीत बसून. मला ताई म्हणायची ती ताईच म्हणत राहिली. फक्त एक झालं. सुभेदारकाकांपाशी बसून तिनं कार्डाच्या मागचे सगळे नियम मराठीत लिहून घेतले, मुलाच्या जुन्या वहीत, आणि ती वही ती पिशवीत ठेवायला लागली. काही अडलं की वही काढायची. मी शेजारी उभी असले तरी मला विचारायची नाही. आणि "ताईनं शिकवलं मले" हे मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. इतके दिवस ते ऐकून कसंनुसं व्हायचं, आता ते नाही म्हणून होतं.

मार्चमध्ये पुन्हा कपाची स्पर्धा आली. या वेळी आमच्या जोड्या वेगळ्या होत्या. माझा हात नऊच्या नऊ होल हलला नाही. तीन फूट, पाच फूट, एकदा तर नऊ फूट, मी ठिपका बघत होते आणि मारत होते. मी कधी खेळले नव्हते एवढं चांगलं खेळले. आकड्यांची बेरीज करताना मी ती दोनदा तपासली, कारण तो आकडा माझा आहे यावर माझाच विश्वास बसेना.

जावेचा आकडा माझ्याहून चारनं कमी होता.

सुभेदारकाका माझ्यापाशी येऊन म्हणाले, "आज मॅडम, हात म्हणजे खांब होता." मी हो म्हटलं. ते खरंच होतं. तेव्हा उन्हात उभं राहून बक्षीससमारंभ बघताना मला पहिल्यांदा नीट कळलं की थरथरता हात माझ्या किती कामाला येत होता. हात हलतो म्हणून मी हरते, नाहीतर, असं मला इतकी वर्षं म्हणता येत होतं. त्या "नाहीतर"मध्ये मी बरीच मोठी खेळाडू होते. आता हात हलला नव्हता आणि मी चार फटक्यांनी हरले होते. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, बस. यात तिचा दोष नाही आणि माझाही नाही, आणि म्हणून कुणावर काही ढकलायला जागा नव्हती.

गाडीत कप तिच्या मांडीवर होता. ती म्हणाली, "ताई, आज तुमी लय चांगल्या खेळल्या." तिच्या आवाजात मी दया शोधली, टोमणा शोधला. दोन्ही नव्हतं. ती आपली खेळाबद्दल बोलत होती. मी म्हणाले, "सातव्यावर तू त्या आडव्या नाल्यापलीकडे एका फटक्यात चेंडू कसा टाकलास?" ती म्हणाली, तिलाही नीट सांगता येत नाही, नाला पाहाचा नाई एवढंच.

त्या दिवशी दवाखान्याला सुट्टी होती. दुपारी जेवून मी पडले, झोप लागली नाही. ऊन उतरल्यावर पिशवी गाडीत टाकून मी एकटी परत मैदानावर गेले. कुणी नव्हतं. सातव्या होलवर तिनं जिथून फटका मारला ती जागा मी शोधून काढली. तिच्या स्टिकनं उपटलेलं वाळकं गवत तिथे तसंच पडलं होतं. मी तिथे पाय रोवून उभी राहिले आणि नाल्याकडे न बघता मारायला सुरुवात केली. हात अगदी स्थिर होता. अकरा चेंडू मारले. दोन पलीकडे गेले. बाकीचे नाल्यात पडले, आणि ते आणायला मी खाली उतरले तेव्हा दिवस मावळत होता.